चिमूटभराने काय होतं म्हणे!

सांध्यांच्या दुखण्यासाठी महिनाभराचं पथ्य चाललंय माझं, त्याचा 27वा दिवस होता काल. 30 पैकी 27! मिरची नाही, टोमॅटो-बटाटा-वांगं नाही, भात-पोळी नाही, डाळ नाही, दूध-अंडं नाही, धणे-जिरं-मोहरीसुद्धा नाही. सगळं सगळं पाळलं आणि काल रात्री एका चमच्याने मातीत घातलं.

900 रुपये मोजून दोन पापलेटं आणली होती. कोळीणमावशींकडूनच साफ करून घेतली, कारण सकाळी कडक झालेली बोटं संध्याकाळपर्यंत सुरी धरण्याइतकी सुटत नाहीत. घरी येऊन आलं-लसूण, हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळलं, अर्धा तास ठेवलं. रवा चालत नाही म्हणून साबुदाणा दळून त्याचं पीठ लावलं. खोबरेल तेलात पापलेटं सोडली, बाजूला रताळी उकडून तयार. बस, एवढंच जेवण. पण महिनाभरात पहिल्यांदा मला खरंखुरं जेवावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं मी दारात होते. परत येते तर मावससासूबाई तव्यापाशी उभ्या, हातात तिखटाचा चमचा. साबुदाण्याचं पांढरं कवच लालभडक झालेलं आणि तेलाच्या कडेने लाल ओघळ पसरत चाललेला. वर हसून म्हणतात, "कसं पांढरं फटक दिसत होतं गं! आता बघ रंग! काश्मिरी आहे, तिखट नाही लागत. चिमूटभराने काय होतं?"

काश्मिरी असो नाहीतर लवंगी, मिरची ती मिरचीच ना! मला तिखट सोसत नाही असं मी कधी म्हटलं? मी मालवणची, लहानपणापासून तिखटावरच वाढले. प्रश्न जिभेचा नाही, सांध्यांचा आहे. महिनाभर सगळं बंद ठेवून मग एकेक पदार्थ परत सुरू करायचा, म्हणजे कशाने दुखणं वाढतं ते कळतं. मध्येच मिरची गेली की हिशेबच बिघडला. हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. तीनदा! दर वेळी "हो गं बाई" म्हणाल्या.

आणि एकट्या त्याच नाहीत. गेल्या महिन्यात हॉटेलात मिरचीशिवाय सुरमई मागितली तर वेटर म्हणतो, "मॅडम, जैन करून देऊ?" सुरमई, जैन! त्या आधी नणंदेने माझ्यासाठी म्हणून मुद्दाम 'साधं' कालवण केलं आणि त्यात हिंग घातला. डबी उलटून वाचली तर हिंगात गव्हाचं पीठ. बरं, पाकिटावर नुसतं 'मसाले' लिहून मोकळे होणाऱ्यांनी आम्ही त्यातून काय ओळखायचं ते एकदा सांगावं. शेजारीण साबुदाण्याचं पीठ बघून विचारते, "उपास आहे का?" अहो, समोर पापलेट आहे! आणि सांध्यांच्या आजारावरची मेथोट्रेक्झेटची गोळी मी दर आठवड्याला घेते हे माहीत असूनही "ही सगळी डाएटची फॅडं" म्हणणारे तर घरोघरी आहेत. गोळी बंद केलेली नाही, डॉक्टरांना विचारूनच हे चाललंय, पण ऐकतो कोण?

सगळ्यात जास्त चीड येते ती त्या 'चिमूटभर' शब्दाची. साखरेच्या पेशंटला कुणी चिमूटभर म्हणत चहात चमचा ओतत नाही. मग माझ्याच ताटात हात घालायचा अधिकार यांना कुणी दिला? सकाळी नळ सोडताना मनगटात जी कळ येते ती माझी मला माहीत. जेवणाला रंग आला नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं.

दोन्ही पापलेटं घरच्यांनी संपवली. काटे चोखून. "मस्त झालंय हं," असंही म्हणाले. मी रताळं आणि मीठ खाल्लं. डाएटिशियनला रात्रीच मेसेज टाकला, तिचं उत्तर आलंय: खाल्लं नाहीत ना, मग मोजणी चालू ठेवा. आज 28वा दिवस. तिखटाचा डबा मी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलाय, आणि मावससासूबाई परत जाईपर्यंत तो तिथून हलणार नाही.