रखमानिनॉफ १९१७ नंतर संपले होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. १९१७ साली रशिया सोडल्यावर रशियन संगीतकार व पियानोवादक सर्गेई रखमानिनॉफ यांच्यातला रचनाकार संपला, पुढे त्यांनी पियानो वाजवून पैसा मिळवला आणि जे थोडेफार लिहिले ते जुन्याच हळवेपणाची उजळणी होती, असा आपल्या आक्षेपाचा रोख आहे.

देशाबाहेर त्यांनी पूर्ण केलेल्या ओपस-क्रमांकाच्या (म्हणजे प्रकाशनासाठी अनुक्रमांक दिलेल्या) रचना केवळ सहा आहेत, हे खरे. परंतु त्यावरून प्रतिभा आटली असे म्हणणे घाईचे ठरते. त्यांची रशियातील इवानोव्का येथील शेतीवाडी क्रांतीत गेली होती, पत्नी व दोन मुलींसह संसार नव्याने उभा करायचा होता, आणि आजवर मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवणाऱ्या या माणसाला पंचेचाळिशीत इतरांच्या रचना बसवून मैफलींचे हंगामामागून हंगाम काढावे लागले. लिहिण्यासाठी उरत असे तो बहुधा उन्हाळा.

उजळणीचा आरोप तर मला मुळीच मान्य नाही. वाद्यवृंदासाठीच्या तीन नृत्यांची १९४० सालची ‘सिंफॉनिक डान्सेस’ ही रचना पुन्हा एकदा ऐकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिल्या नृत्याच्या मध्यभागी वाद्यवृंद जवळजवळ थांबतो आणि फुंकवाद्यांच्या विरळ साथीवर आल्टो सॅक्सोफोन एक लांबलचक रशियन वळणाची धून गातो; असा रिकामा, कोरडा ध्वनी त्यांच्या तरुणपणीच्या भरगच्च वाद्ययोजनेत सापडणार नाही. त्याच नृत्याच्या अखेरीस त्यांच्याच पहिल्या सिंफनीतील (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेतील) स्वरवाक्य येते. १८९७ साली पीटर्सबर्गमध्ये ग्लाझुनॉफ यांच्या संचालनाखाली ती सिंफनी सपशेल कोसळली होती, समीक्षक सेझार क्युई यांनी तिची तुलना बायबलमधल्या इजिप्तवरील अरिष्टांशी केली होती आणि त्यानंतर सुमारे तीन वर्षे रखमानिनॉफ यांची लेखणी थबकली होती. तिची संहिता रशियातच राहिली होती, त्यामुळे १९४१ साली फिलाडेल्फियात ‘सिंफॉनिक डान्सेस’ प्रथम ऐकणाऱ्या श्रोत्यांना हा संदर्भ कळणे शक्यच नव्हते. मुळात मायनर या गंभीर स्वरसप्तकात दरडावणारे ते वाक्य येथे सी मेजर या उजळ स्वरसप्तकात, तंतुवाद्यांवर, पियानो आणि हार्पच्या किणकिणाटात शांतपणे पसरते. श्रोत्यांना रडवू पाहणारा रचनाकार असे गुपित स्वतःपाशी ठेवत नाही.

चौथ्या पियानो कॉन्चेर्टोविषयी (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेविषयी) मात्र आपले म्हणणे बरेचसे पटते. १९२६ नंतर त्यांनी तो दोनदा दुरुस्त केला, शेवटचे १९४१ मध्ये, तरीही त्याचा अखेरचा भाग मला अजून तुटक वाटतो.