बोटीला दुसरीकडे जाता येतं

केप टाऊनजवळच्या बोल्डर्स बीचवर लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभी राहून मी पेंग्विन पाहिले, तेव्हा मला वाटलं की यांचं बरं चाललंय. १९८२ साली तिथे जेमतेम दोन जोड्या होत्या, आणि आता वाळूवर, झुडपांखाली, खडकांच्या आडोशाला जिथे बघावं तिथे पेंग्विन. गाढवासारखे ओरडत होते, चोचीत काटक्या घेऊन घरटी सजवत होते. पण पेंग्विन जमिनीवर एक घासही खात नाही. त्याचं पोट समुद्रात भरतं, आणि तो भाग आपल्याला दिसतच नाही. गेले काही महिने मी तोच भाग वाचते आहे आणि त्यातून निघालेलं एक मत इथे मांडते आहे. थोडं लांबेल.

आधी परिस्थिती. आफ्रिकन पेंग्विन फक्त दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर घरटी करतो. आज त्याच्या दहा हजारांपेक्षा कमी जोड्या उरल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' यादीत झाली. जगातल्या अठरा पेंग्विन जातींपैकी ही वेळ सर्वांत आधी याच्यावर आली. पूर्वी त्याची अंडी गोळा करून विकली गेली. ज्या ग्वानोच्या, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या साचलेल्या विष्ठेच्या थरात तो बीळ करायचा, तो थर खतासाठी खरवडून नेला. हे दोन्ही थांबलं, तरी पेंग्विन घटतच राहिले.

का, याचं मोठं उत्तर सार्डिन आणि अँचोवी. सार्डिन म्हणजे तारलीच्याच कुळातला मासा. पेंग्विनाचं मुख्य खाणं हेच, आणि पर्ससीन, म्हणजे थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या बोटींचं मुख्य मावरंही हेच.

हा पक्षी किती लांब पोहू शकतो याची एक गोष्ट मला फार आवडते. जून २००० मध्ये 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडालं आणि तेलाचा तवंग केप टाऊनजवळच्या रॉबेन आणि डासेन बेटांकडे सरकला. सुमारे वीस हजार पेंग्विन तेलाने माखले. आणखी साधारण तेवढेच स्वच्छ पेंग्विन पकडून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले, म्हणजे ते परत पोहत येईपर्यंत घरचं पाणी साफ करायला वेळ मिळेल. त्यातल्या तिघांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं होती. पीटर, पामेला आणि पर्सी. शेकडो किलोमीटर पोहत ते आपल्या बेटांकडे निघाले आणि लोक रोज त्यांची जागा नकाशावर बघत बसले.

पण हाच पक्षी घरट्यात पिल्लू असलं की बांधला जातो. आई-बाप पाळीपाळीने समुद्रात जातात आणि जो जातो त्याला पोटात मासे घेऊन वेळेत परतावं लागतं. त्यामुळे या काळात त्याचा वावर बहुतेक वेळा वसाहतीपासून २० ते ४० किलोमीटरच्या आतच असतो. पाठीवर चिकटपट्टीने लावलेल्या छोट्या जीपीएस यंत्रांतून त्याच्या वाटा कळतात. त्या नकाशात बेटाभोवती रेघांचा एक दाट गुंता दिसतो. पिल्लाचं जगणं-मरणं त्या गुंत्यातल्या पाण्यात मासे असण्यावर ठरतं.

पेंग्विन एकेकटे शिकार करतात असं मला वाटायचं. त्यांच्या पाठीवरच्या छोट्या कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. ते गटाने माशांचा थवा खालून घेरतात, वर पृष्ठभागाकडे रेटतात आणि मग एकेक मासा उचलतात. एकट्याने शिकार करण्यापेक्षा यात मासे कितीतरी जास्त मिळतात. पण त्यासाठी दाट थवा लागतो. पर्ससीनची बोटही दाट थवाच शोधते आणि त्याभोवती जाळं फिरवून तळाशी आवळते. दोघांना समुद्रातलं अगदी तेच पाणी हवं असतं.

गेल्या वर्षी आलेल्या एका अभ्यासाने ही गाठ नीट मोजली. दोघांचं क्षेत्र किती सामायिक आहे एवढं पाहून थांबण्याऐवजी, चालू मासेमारीच्या जागी किती पेंग्विन खातात हे त्यांनी पाहिलं. २०१६ साली मासा फार कमी होता. त्या वर्षी रॉबेन आणि डासेन बेटांवरचे सुमारे २० टक्के पेंग्विन बोटी काम करत असलेल्या पाण्यातच खात होते. मासा बरा असलेल्या वर्षांत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. मासा विपुल असला की दोघांना पुरतो. तो आटला की उरलेल्या मोजक्या थव्यांवर पक्षी आणि जाळं एकाच वेळी येतात.

म्हणजे पेंग्विनाला मोकळ्या पाण्याची सर्वांत जास्त गरज नेमक्या त्याच वर्षी असते, ज्या वर्षी मासेमारी धंदा ते पाणी सोडायला सर्वांत जास्त नाखूश असतो. सगळं भांडण इथे अडतं. माझं म्हणणं असं, की अशा वर्षी हटायचं ते बोटीने. तिला दुसरीकडे जाता येतं. डिझेल जास्त जळेल, फेरी लांबेल, तोटा होईल. तो तोटा खरा आहे आणि तो खलाशांच्या आणि कॅनिंग कारखान्यातल्या बायकांच्या मजुरीतून कापला जाऊ नये, याची सोय सरकारने केलीच पाहिजे. पण पिल्लू असलेल्या पेंग्विनाला दुसरीकडे जाताच येत नाही.

आणि उपाशी राहण्याची किंमत फक्त पिल्लं मोजत नाहीत. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसं टाकतो. साधारण २१ दिवस त्याच्या अंगावर पाणी अडवणारी पिसं नसतात, म्हणून तो किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो. त्याआधी चरबी साठली नाही तर तो उभ्या उभ्या खंगतो. डासेन आणि रॉबेनवर २००४ मध्ये ज्या पेंग्विनांनी घरटी केली, त्यातले सुमारे ९५ टक्के पुढच्या आठ वर्षांत मेले असा अंदाज आहे. अंदाजे ६२,००० पक्षी. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

उपाय माहीत नाही असं कोणी म्हणू नये. पोर्ट एलिझाबेथजवळच्या अल्गोआ उपसागरातल्या सेंट क्रॉई बेटाभोवती २० किलोमीटरमध्ये मासेमारी थांबवली, तेव्हा तीन महिन्यांत तिथल्या पेंग्विनांची खाणं शोधण्याची मेहनत ३० टक्क्यांनी घटली. बेटांभोवतीची अशी बंदी २००८ पासून बारा-तेरा वर्षं आलटूनपालटून तपासली गेली. मग २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीनेही बंदीचा पेंग्विनांना फायदा होतो, असंच म्हटलं. तरी सरकारने आखलेल्या रेषांमधून खाण्याच्या मोलाच्या जागा सुटल्या. शेवटी बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब या पक्षी वाचवणाऱ्या संस्थांना कोर्टात जावं लागलं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि रॉबेन आणि बर्ड बेटांभोवती २० किलोमीटरची बंदी आली. संस्था, धंदा आणि सरकार एका कागदावर आले हे मी कमी लेखत नाही. पण तोवर गेलेली वर्षं पेंग्विनांच्या हिशेबात जमा होत नाहीत.

धंद्याकडून येणारा एक आक्षेप प्रामाणिक आहे: बंदीचा परिणाम छोटा आहे. समितीच्या हिशेबानेही तो वाढीच्या दरात वर्षाला टक्काभराच्या आसपासच येतो, आणि घसरण त्याहून कितीतरी वेगवान आहे. समुद्र बदलतोय, मासा पूर्वेला सरकलाय, बंदरात जहाजांचा गोंगाट वाढलाय. हे सगळं मान्य. पण समुद्राचं तापमान कोणत्याही मंत्र्याच्या सहीने उतरत नाही, बोट मात्र हलते. ज्या टक्क्यावर आपला हात चालतो तो सोडून देणं मला पटत नाही.

तरुण पेंग्विनांचं तर आणखी अवघड. पहिल्यांदा समुद्रात उतरल्यावर ते थंड, सूक्ष्म शेवाळाने भरलेलं पाणी शोधत जातात, कारण पूर्वी तिथे हमखास मासा असे. आज त्या खुणा त्यांना नामिबियाच्या अशा पाण्यात नेतात, जिथली सार्डिन अतिमासेमारीने कधीच संपली आणि तिची जागा जेलीफिश आणि गोबी माशांनी घेतली. बेटाभोवतीची बंदी तिथे पोहोचत नाही.

म्हणून मला बंदीची रेषा दहा वर्षांसाठी एकदाच आखून मोकळं होणं पुरेसं वाटत नाही. पेंग्विन कुठे खातो हे यंत्रं सांगतात. बोटी कुठे आहेत हे त्यांच्यावरच्या उपग्रह-यंत्रांमुळे कळतं. समुद्रात मासा किती आहे याचं ध्वनिलहरींनी सर्वेक्षण दक्षिण आफ्रिका मे आणि नोव्हेंबरमध्ये करतेच. मग सर्वेक्षणात मासा कमी दिसला की त्या हंगामात बंदीचा घेर आपोआप वाढावा आणि पकडीचा कोटा आपोआप उतरावा. दर वेळी नव्या बैठका आणि नवे खटले लागू नयेत.