लंडनहून येताना तास वाचतो तो वाऱ्यामुळे

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून मुंबईहून लंडनला जायला वेळ जास्त आणि परतताना कमी लागतो,’ हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्याला दोन शेपट्याही आहेत. हेलिकॉप्टर बारा तास हवेत स्थिर ठेवलं तर खाली अमेरिका येईल, आणि विमान कंपन्या भाडं वाढवायला कमानीसारखा वळसा घेतात. आमच्या सोसायटीतल्या दहावीच्या मुलीने हे विज्ञानाच्या वहीत उतरवून घेतलं होतं. ते पाहून राहवलं नाही.

वेळेतला फरक खरा आहे. जाताना साधारण साडेनऊ-दहा तास, येताना तासभर कमी. पण पृथ्वी विमानाखालून सरकत असती तर नेमकं उलट झालं असतं! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आणि विमान उडतं ९००च्या आसपास. मुंबई पुढे पळत राहिली असती, विमानाला ती गाठताच आली नसती.

तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते. खिडक्या बंद असलेल्या एसटीत माशी घोंघावत असते. गाडी पन्नासच्या वेगाने धावत असली तरी ती मागच्या काचेवर जाऊन आपटत नाही. हेलिकॉप्टरचंही तेच. जिथून उडालं, तिथेच उतरेल.

खरं कारण जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरकस वारा हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकातून तो तयार होतो. त्याला पूर्वेकडे वळवण्यात मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढं मान्य करायलाच हवं. जानेवारीत परतताना मी समोरच्या स्क्रीनवर जमिनीच्या सापेक्ष वेग १,०५० पाहिला, जाताना तो ८००च्या घरात होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा तास लागतात.

राहिला वळसा. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. सुमारे ७,२०० किलोमीटरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच, सपाट नकाशावर तो उत्तरेकडे फुगलेला दिसतो इतकंच. इंधन हा कंपनीचा मोठा खर्च, ते उगाच कोण जाळेल? खरा वळसा पडतो तो वेगळ्याच कारणाने. हा दोरा पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली.