सर्वप्रथम काय कराल?

अकरा वर्षं प्रोजेक्ट चालवल्यावर एक दिवस मला वाटलं की आपल्याला प्रोजेक्ट चालवता येतात याचा एखादा कागद पण असावा. वाटलं म्हणजे काय, अप्रेझलच्या मीटिंगमधे साहेब म्हणाले, ‘पीएमपी करून टाका की’ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांची परीक्षा देऊन मिळणारं सर्टिफिकेट), आणि ते ज्या सुरात म्हणाले ते ऐकून मलाही ते दाढी करून टाकण्याइतकं सोपं वाटलं.

पहिला झटका फॉर्म भरतानाच. मी अर्ज केला तेव्हा डिग्रीवाल्याला मागच्या आठ वर्षांत ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव लागायचा, शिवाय ३५ तासांचं शिक्षण. अनुभव होता हो, पण तो लिहायचा कसा? खरं लिहायचं तर ‘रोज सकाळी झालं का विचारलं, रोज संध्याकाळी का नाही झालं विचारलं’ एवढ्यातच ३६ महिने संपतात. मग त्याचं ‘प्रगतीचं सातत्याने मूल्यमापन व हितधारकांशी सुसंवाद’ केलं. त्यात अर्ज ऑडिटला निवडला गेला तर जुन्या मॅनेजरकडून सही आणावी लागते, आणि ज्या प्रोजेक्टपासून आमच्या मॅनेजरनी माझ्याशी बोलणं सोडलं नेमका तोच मी सगळ्यात वर लिहून बसलो होतो. नाही निवडला गेला, वाचलो.

मग प्लॅन. १२ आठवडे, आठवड्याला १० तास, एकूण १२० तास. याचा मी असा काही गँट चार्ट, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता, बनवला म्हणून सांगू, रंग काय, माइलस्टोन काय, डिपेंडन्सीचे बाण काय. दोन वीकेंड त्यातच गेले, पण चार्ट बघून मला इतकं समाधान झालं की बराचसा अभ्यास झाल्यासारखंच वाटायला लागलं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी आठवीतली मुलगी येऊन म्हणाली, ‘बाबा, ४० तासांचा अभ्यास व्हायला हवा होता ना? किती झाला?’ खरं सांगायचं तर बसलो होतो ३० तास, त्यातले निम्मे कुठले व्हिडिओ बघावेत हे ठरवण्यात गेले, आणि पदरात पडला १५ तासांचा अभ्यास. तेवढ्यात लक्षात आलं की अरे हे तर अर्न्ड व्हॅल्यूचं, म्हणजे ठरलेलं किती, झालेलं किती, खर्चलेलं किती याचं गणित! एसपीआय, म्हणजे ठरल्यापैकी किती झालं, १५ भागिले ४०, ०.३७५. सीपीआय, म्हणजे खर्चल्यापैकी किती सार्थकी लागलं, १५ भागिले ३०, ०.५. आणि हा वेग असाच राहिला तर एकूण लागणार १२० भागिले ०.५, म्हणजे २४० तास. सूत्रं न बघता बरोबर आली म्हणून मी खुर्चीतून उठून आनंदानं टाळी वाजवली. मुलगी जरा वेळ बघत राहिली आणि आपल्या अभ्यासाला निघून गेली.

पुस्तकाची कथा वेगळीच. एका मित्रानं स्वतःचं वापरलेलं पीएमबॉक, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मार्गदर्शक पुस्तक, दिलं होतं, सहावी आवृत्ती, २०१७ची, साडेसातशेच्या वर पानं, उशाला घेतलं तर मान लचकेल. त्यात ४९ प्रोसेस, प्रत्येकीचे इनपुट, टूल्स आणि आउटपुट. ते पाठ करायला मी एक महिना घातला. पाठ करता करता असं कळलं की निम्म्याहून जास्त ठिकाणी टूल म्हणून ‘एक्स्पर्ट जजमेंट’ लिहिलंय, म्हणजे आपल्या भाषेत ‘जाणत्या माणसाला विचारा’, आणि खूपशा ठिकाणी ‘मीटिंग्ज’. मीटिंग हे अधिकृत टूल आहे, मंडळी! मी अकरा वर्षं तिला संकट समजत होतो. तर हे सगळं घोकून झाल्यावर त्याच मित्राचा फोन, ‘अरे २०२१मधे सातवी आवृत्ती आली, त्यात ४९ प्रोसेसऐवजी १२ तत्त्वं आहेत, आणि परीक्षेत आता निम्मं अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल करत काम) आणि हायब्रिड (जुन्या-नव्याची भेळ) असतं, तुला सांगायचं राहिलंच.’ यालाच रिस्क कम्युनिकेशन म्हणतात बहुतेक.

त्या महिन्यातलं एकच आवडलं, ते कम्युनिकेशन चॅनलचं, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या किती याचं सूत्र. माणसं गुणिले एक कमी माणसं, भागिले दोन. आमच्या घरात पाच जण, म्हणजे १० चॅनल. दोन पाहुणे आले की माणसं सात पण चॅनल २१! पाहुणे आल्यावर माझं डोकं का दुखतं याला गणिती आधार मिळाला, पण बायकोला हे समजवायला गेलो तर तिनं त्यातलं एक चॅनल दिवसभर बंदच ठेवलं.

पण खरी अडचण पुढेच होती. मॉक टेस्ट. १८० प्रश्न, आणि त्यातल्या बहुतेकांचा शेवट एकच, ‘प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वप्रथम काय करावे?’ टीममधल्या दोघांचं भांडण झालंय, काय कराल? क्लायंटनं परस्पर डेव्हलपरकडून बदल करून घेतला, काय कराल? मी अनुभवी माणूस, खाडकन उत्तर द्यायचो. वर कळवा. माणूस बदला. मेल टाका आणि सगळ्यांना सीसीत घ्या. पहिल्या टेस्टला ५२ टक्के पडले. चुकलेले प्रश्न उघडून बसलो तर हळूहळू एक भयंकर गोष्ट दिसायला लागली, मी ऑफिसात जे जे खरोखर केलं होतं ते ते सगळं चुकीच्या ऑप्शनमधे व्यवस्थित छापलेलं होतं. जणू कोणी अकरा वर्षं माझ्यामागे वही घेऊन फिरत होतं. बरोबर उत्तरातला तो आदर्श प्रोजेक्ट मॅनेजर कधी चिडत नाही, कधी साहेबाकडे धावत नाही, आधी समजून घेतो, मग परिणाम तपासतो, मग टीमला विचारतो. हा माणूस मला आजवर एकाही कंपनीत भेटलेला नाही. भेटला असता तर आम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात स्लो म्हणून काढला असता.

एका रात्री वैतागून मी प्रश्न मोठ्यानं वाचत होतो, बायको बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होती. ती बालवाडीत शिकवते, गँट चार्टचं तोंडही पाहिलेलं नाही तिनं. न बघताच म्हणाली, ‘क.’ बरोबर. पुढचा. ‘अ.’ बरोबर. दहातले नऊ बरोबर आले. मी म्हणलं तुला कसं कळतं हे, तर म्हणे, ‘सोपंय, ज्या उत्तरातला माणूस सगळ्यात कमी चिडलेला आहे ते उत्तर.’ तीस पोरं एका खोलीत सांभाळणाऱ्या बाईपुढे माझी आठ जणांची टीम म्हणजे काय हो. त्या दिवसापासून मी पुस्तक मिटलं आणि हेच सूत्र धरलं. मार्क ७४वर गेले.

परीक्षा घरूनच, ऑनलाइन. मी दिली तेव्हा २३० मिनिटं होती. टेबल रिकामं करा, खोलीचे फोटो द्या, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. सगळं जमलं, पण मला ओठ हलवत वाचायची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे नवव्या प्रश्नालाच चॅटमधे सूचना आली की कृपया पुटपुटू नका. मग जवळपास चार तास मी दात घट्ट आवळून वाचलं. ६० प्रश्नांनंतर दहा मिनिटांचा ब्रेक मिळाला, पण ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नव्हतं, आणि मला ३७व्याचं उत्तर आठवलं ते तोंडावर पाणी मारताना.

पास झालो! घरात आरडाओरडा झाला, १०च्या १० चॅनलवरून. साहेबांना मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला.

मग सविस्तर रिपोर्ट आला, तीन विभागांचा. तो मी बायकोला कौतुकानं दाखवायला नेला. प्रोसेस, अबव्ह टार्गेट. बिझनेस एन्व्हायर्नमेंट, अबव्ह टार्गेट. पीपल, म्हणजे माणसांशी कसं वागावं तो विभाग, बिलो टार्गेट.

तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं आणि मोबाइल परत देत म्हणाली, ‘याच्यासाठी २३० मिनिटं कशाला घालवलीस, मला विचारायचं होतंस.’