प्लॅनवरचा हिरवा गोल आणि खालची मुळं
एका लेखात म्हटलंय की रिडेव्हलपमेंटच्या प्लॅनवर झाडं दाखवली की ती वाचतात. सॉरी, पण आमचा अनुभव उलटा आहे. आमच्या सोसायटीत गेटपाशी जुना आंबा होता, प्लॅनवर हिरवा गोल काढून 'राखायचे' असं लिहिलेलं, सगळे खूश. मग बेसमेंट पार्किंगसाठी पोकलेन आलं आणि बुंध्यापासून जेमतेम चार फुटांवर सरळ उभा कट मारला, मनगटाएवढी मुळं तुटून लोंबत होती, वरून सिमेंटच्या गोण्या बुंध्याला टेकवून ठेवलेल्या. कुऱ्हाड कुणीच लावली नाही हो, पण दुसऱ्या पावसाळ्यात झाड गेलं आडवं, नशीब खाली कोणी नव्हतं.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज, तोडलं तर जेवढं वय तेवढी रोपं लावायची, चांगलंच आहे. कायद्यात झाडाला इजा करणं हेही 'तोडणं'च धरलंय, पण कुऱ्हाड न लावता असं मारलं तर बघतंय कोण?

ब्रिटनमध्ये झाडांजवळच्या बांधकामासाठी बीएस ५८३७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचा गोल मुळांसाठी सोडतात आणि काम सुरू व्हायच्या आधीच त्याला कुंपण घालतात. म्हणजे दोन फुटी बुंधा असेल तर चहूबाजूंनी २४ फूट! आपल्याकडे तेवढ्यात बिल्डर क्लब हाऊस बसवेल (आणि आपणच टाळ्या वाजवू).

गेटपाशी आता कुंडीत दोन पाम ठेवलेत.