एक्झिक्युटिव्ह एमबीए केलं की परदेश पक्का? त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सगळीकडे फिरतोय, कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, एवढंच काय आमच्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर पण येऊन गेला. शब्द थोडे इकडेतिकडे, पण सार एकच: आठ-दहा वर्षांचा अनुभव आहे, पस्तिशी उलटली, परदेशात करिअर करायचंय, तर एक्झिक्युटिव्ह एमबीए करा, नोकरी सोडायची गरज नाही, डिग्री जगभर चालते, व्हिसा सोपा होतो, कॉलेज नोकरी लावून देतं आणि खर्च पहिल्या वर्षाच्या पगारात वसूल. खाली लिंक आणि "मोजक्याच जागा शिल्लक". ओळखीतल्या दोघा-तिघांनी तोच पाठवून "भरू का पैसे?" विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

या कोर्सेसशी माझं वैर नाही हे आधीच सांगतो. ज्याला इंजिनिअरिंगमधून मॅनेजमेंटकडे सरकायचंय, बॅलन्स शीट बघितली की ज्याला घाम फुटतो, त्याला चांगल्या ठिकाणचा कोर्स खरंच उपयोगी पडतो. पण मेसेजमधे विकलं जातंय ते शिक्षण नाहीच, विमानाचं तिकीट विकलं जातंय.

"डिग्री जगभर मान्य आहे"

आधी ती डिग्री आहे का ते तर बघा. एक्झिक्युटिव्ह म्हणून बाजारात जे मिळतं त्यात तीन वेगळे माल आहेत. एक, वर्षभराचा फुलटाइम निवासी प्रोग्रॅम, म्हणजे आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, कलकत्त्याचा एमबीएईएक्स (आधीचा पीजीपीईएक्स) वगैरे, यात नोकरी सोडूनच बसावं लागतं. दोन, नोकरी सांभाळून वीकेंडला करायचा खरा एक्झिक्युटिव्ह एमबीए, शेवटी डिग्री हातात. आणि तीन, सहा ते अकरा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट, वर मोठ्या संस्थेचा लोगो आणि विक्री करणारी एडटेक (ऑनलाइन कोर्स विकणारी) कंपनी. मेसेजमधली लिंक उघडून बघा, दहातल्या नऊ वेळा तिसराच माल निघतो, फोटो मात्र पहिल्याच्या कॅम्पसचे असतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पावती. आयआयएमच्या बाबतीत सरकारने जानेवारी २०१९ च्या परिपत्रकात सरळ लिहून टाकलंय की एक वर्ष किंवा जास्त मुदतीच्या, डिग्री-डिप्लोमा देणाऱ्या प्रोग्रॅमना जीएसटी माफ, आणि छोट्या मुदतीच्या कोर्सना, जिथे नुसतं सहभागाचं सर्टिफिकेट मिळतं, तिथे १८ टक्के, कारण कायद्याने मान्य अशी ती पात्रता नाही. म्हणजे अडीच लाख फी असेल तर वर ४५ हजार जीएसटी, आणि त्या ४५ हजारांच्या ओळीतच तुम्हाला सांगितलेलं असतं की बाबा ही डिग्री नव्हे. सेल्सवाला फोनवर काय वाट्टेल ते बोलो, पावती खोटं बोलत नाही.

तीच गोष्ट हार्वर्डची. "हार्वर्डमधून एक्झिक्युटिव्ह एमबीए" असं कुणी सांगितलं तर शांतपणे ऐकून घ्या, कारण हार्वर्ड बिझनेस स्कूल एक्झिक्युटिव्ह एमबीए देतच नाही. त्यांचा अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम १९४५ पासून चालू आहे, नाव मोठं, माणसं मोठी येतात, पण तो काही आठवड्यांचा प्रोग्रॅम आहे, डिग्री नाही. परदेशी विद्यापीठाशी टायअप दाखवून, यूजीसीची मान्यता नसताना, ऑनलाइन डिग्र्या विकणाऱ्यांबद्दल तर यूजीसीने डिसेंबर २०२३ मधे जाहीर इशारा दिला होता, तरी जाहिराती चालूच आहेत.

आणि "ट्रिपल क्राउन" म्हणून जे मिरवतात ते एएसीएसबी, इक्विस आणि आंबा (हो, खरंच असं म्हणतात, आपल्याला हसू येणारच) हे तीन शिक्के बी-स्कूलच्या दर्जाबद्दल आहेत. आयआयएम कलकत्त्याकडे तिन्ही आहेत, चांगली गोष्ट आहे, पण त्याने तुमच्या व्हिसाच्या अर्जात काडीचाही फरक पडत नाही. दुबईला जाताना पण आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास अशी जी अटेस्टेशनची (सर्टिफिकेट खरं असल्याच्या शिक्क्यांची) वारी करावी लागते ती आपल्या मूळ बीई-बीकॉमच्या सर्टिफिकेटची.

"नोकरी न सोडता करा, व्हिसा सोपा होतो"

या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींचा गळा धरतात. शिक्षणामुळे व्हिसात जो काही फायदा मिळतो तो बहुतेक ठिकाणी त्या देशात जाऊन, स्टुडंट व्हिसावर, फुलटाइम शिकल्याचा मिळतो. पुण्यात बसून शनिवार-रविवार लॅपटॉपवर लेक्चर ऐकल्याचा नाही.

अमेरिकेचं बघा. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिकलात तर नंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे तिथेच काम करायची परवानगी, कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. पण एफ-१ साठी फुलटाइम शिक्षण लागतं आणि त्यात ऑनलाइनचा एका टर्मला एखादाच क्लास धरला जातो, त्यामुळे वीकेंडवाला किंवा ऑनलाइन एमबीए यात बसतच नाही. मग उरतो एच-१बी, म्हणजे कंपनीने काढायचा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ८५ हजार जागा, लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवीन अर्ज करायचा तर कंपनीवर एक लाख डॉलरची फी. तुमच्या सर्टिफिकेटकडे बघून एक लाख डॉलर कोण काढणार आहे?

ब्रिटनमधे पदवीनंतर राहायला मिळतं तो ग्रॅज्युएट व्हिसा, सध्या दोन वर्षं आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष, पण तो पण तिथे स्टुडंट व्हिसावर राहून शिकलेल्यालाच. डिस्टन्सवाल्याला शून्य. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून साधारण वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, म्हणजे इथे पण प्रश्न पगाराचा आणि स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीचा.

सिंगापूरमधे सप्टेंबर २०२३ पासून एम्प्लॉयमेंट पासला (नोकरीच्या परवान्याला) कॉम्पास नावाची पॉइंट सिस्टिम आहे, ४० पॉइंट लागतात. शिक्षणाला त्यात जागा आहे हे मान्य, पण आधी पगाराची पायरी चढायला लागते: २०२५ पासून किमान ५,६०० सिंगापूर डॉलर महिना, आणि गंमत म्हणजे वयाप्रमाणे ही अट वाढत जाते, पंचेचाळिशीच्या आसपास १०,७०० पर्यंत. पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला हे कोर्स विकणारा कुठलाच कौन्सेलर सांगत नाही.

"वय झालं, आता हाच एक मार्ग उरला"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण भीती दाखवून विकायची ही पद्धत आहे. वय मोजलं जातं हे खरं आहे. कॅनडात कायमचं राहायला पॉइंटांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्रीत एकट्या अर्जदाराला २९ पर्यंत वयाचे ११० पॉइंट, ३८ ला ६१, ४० ला ५०, आणि ४५ ला भोपळा. पण मग दोन वर्षं कोर्समधे घालवली तर ती पण वयातच जाणार ना?

आता हिशोब करून बघू. एकटा अर्जदार, साधी पदवी, तीनच्या वर वर्षं भारतातला अनुभव, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखन-बोलणं साडेसहा आणि ऐकण्यात साडेसात, म्हणजे कॅनडाच्या भाषापातळीच्या मापात सीएलबी ८. याच माणसाने हाच स्कोअर सात-सात-सात आणि ऐकण्यात आठ असा नेला, म्हणजे सीएलबी ९, तर भाषेचे ३२ वाढतात आणि भाषेची शिक्षण आणि अनुभवाशी जोडी धरून मिळणाऱ्या पॉइंटांत आणखी ३७, एकूण ६९. मास्टर्स डिग्री, ती सुद्धा खरी, तिकडच्या मूल्यांकनात मास्टर्स ठरलेली, सीएलबी ९ असताना साधारण ४० पॉइंट वाढवते, आणि ती मिळेपर्यंत दोन वर्षांत वयाचे अकरा गेले (३८ चा ४० झालात तर). सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटचे वेगळे पॉइंट नाहीतच. म्हणजे अर्ध्या बँडसाठी केलेली मेहनत लाखांच्या कोर्सपेक्षा जास्त देऊन जाते, आणि लोक परीक्षेची फी बघून म्हणतात फार महाग आहे बुवा!

जर्मनीत तर अजूनच साधं आहे. तिथल्या ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांच्या नोकरीच्या परवान्याला, मान्यताप्राप्त पदवी लागते, तुमची पुणे विद्यापीठाची बीई त्यात चालू शकते, त्यावर एमबीएची अट नाही, आणि त्या पदवीला साजेशी नोकरी, जिच्या किमान पगाराची अट २०२५ मधे सर्वसाधारण क्षेत्रांसाठी वर्षाला ४८,३०० युरो होती. पुढे कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, आणि जर्मन भाषा बी१ या मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, ऑफिस सुटल्यावर क्लास लावता येतो. भाषेने सहा महिने वाचतात, एमबीएने एकही दिवस वाचत नाही, तरी जर्मनीला जायचंय म्हणणारे सहा जण भेटले तर पाच एमबीएचं ब्रोशर घेऊन भेटतात.

"कॉलेज नोकरी लावून देतं"

फुलटाइम एक वर्षाच्या प्रोग्रॅममधे प्लेसमेंट असते, ती पण मुख्यतः भारतातल्या कंपन्यांची. वीकेंडवाल्यांत बरेचदा नसते, आणि कंपनीने पैसे भरलेले असतील तर बहुतेक ठिकाणी बसूच देत नाहीत. सर्टिफिकेटवाल्यांकडे असतं "करिअर सपोर्ट", म्हणजे सीव्ही तपासणं आणि लिंक्डइनवर दोन वेबिनार. पुढे.

"खर्च पहिल्याच वर्षी वसूल"

कुठला खर्च ते ठरवू. अमेरिकेतल्या व्हार्टन बी-स्कूलच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएचा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो, तिथे येणाऱ्यांपैकी काहींचे पैसे कंपनी भरते आणि बाकीचे आधीच डॉलरमधे कमावत असतात. रुपयात पगार, घराचा हप्ता चालू, मुलाची शाळेची फी, अशा माणसाने त्यांची वसुलीची गणितं आपल्याला लावायची म्हणजे कमालच आहे. आणि "नो कॉस्ट ईएमआय" वाल्या कोर्सचं कर्ज तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीकडून असतं, कोर्स मधेच सोडलात तरी हप्ते सुटत नाहीत. सही करायच्या आधी रिफंडची अट वाचा, फोनवरची नाही, कागदावरची.

"अमुक एकाने केलं आणि तो गेला की"

हा पुरावा सगळ्यात जोरात चालतो आणि खोटा पण नसतो, म्हणूनच त्याच्यावर जरा थांबतो. गेलेला माणूस खरा, त्याचा एमबीए पण खरा. पण तो गेला कसा ते विचारा ना. माझ्या ओळखीतला एक चाकणच्या जर्मन कंपनीत क्वालिटीमधे होता, आता श्टुटगार्टला आहे, आणि त्याच्या लिंक्डइनवर एक्झिक्युटिव्ह एमबीए वरच दिसतो. पण तिकडच्या टीमबरोबर तो चार-पाच वर्षं रोज कॉलवर होता, एका प्रॉडक्शन लाइनच्या ट्रान्सफरसाठी तिकडे जाऊन राहिला होता, साहेबाला त्याचं काम माहीत होतं, जागा निघाली आणि त्याला बोलावलं. एमबीएने त्याला मीटिंगमधे पैशाची भाषा बोलायला शिकवलं असं तो स्वतः म्हणतो, पण व्हिसा कंपनीने काढला.

अनुभवी माणसासाठी परदेशाचा हा सगळ्यात रुळलेला रस्ता आहे, कंपनीअंतर्गत बदली. अमेरिकेचा एल-१ घ्या, मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीच्या बाहेरच्या ऑफिसात काम केलेलं हवं, लॉटरी नाही, मॅनेजरला सात वर्षांपर्यंत मुदत, ग्रीन कार्डला अशा मॅनेजरांसाठी ईबी-१सी नावाची वेगळी कॅटेगरी आहे. कुठल्याच कॉलेजची सही यात लागत नाही, लागतो तो तुमच्या कंपनीचा परदेशातला पसारा आणि तिथल्या कुणाला तरी तुम्ही हवे असणं.

एक्झिक्युटिव्ह एमबीएचा जन्मच बघा, १९४३, शिकागो विद्यापीठ, महायुद्ध चालू, कंपन्यांना आपले अनुभवी लोक नोकरीवर ठेवूनच तयार करून हवे होते. आहे त्या कंपनीत माणसाला वर चढवायचं, हाच त्याचा हेतू होता आणि आज पण रचना तीच आहे. म्हणून तर कंपनी फी भरते तेव्हा सोबत दोन-तीन वर्षांचा बॉन्ड पण लिहून घेते. त्या बॉन्डवर सही करून परत येताना गाडीत "चला, आता परदेशाची तयारी" म्हणणारे लोक मी पाहिलेत.

ज्यांना खरंच शिकून देश बदलायचाय त्यांनी तिकडे जाऊन फुलटाइम एक वर्षाचा एमबीए बघा, इन्सीअ‍ॅड बी-स्कूलचा फ्रान्समधल्या फाँतेनब्लो आणि सिंगापूरचा दहा महिन्यांचा आहे, ब्रिटनमधे कितीतरी आहेत, पण मग नोकरी सोडावी लागेल, कर्ज काढावं लागेल आणि घरच्यांशी बसून बोलावं लागेल. बाकीच्यांनी लिंकवर क्लिक करायच्या आधी आपल्याच कंपनीच्या इंटर्नल जॉब पोर्टलवर बाहेरच्या देशातल्या जागा कधी शेवटच्या बघितल्या होत्या ते आठवून बघा, आणि कौन्सेलरचा परत फोन आला तर एवढंच विचारा: कागदावर डिग्री लिहिलेलं असेल की सर्टिफिकेट, सही कुणाची, आणि फीवर जीएसटी किती.