‘स्वस्तातलं महागात पडतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आठवड्याला दोन-चार तास खेळणाऱ्याने मायक्रोसॉफ्टचा स्वस्त गेम कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एस घ्यावा, महागड्या सिरीज एक्सच्या मागे लागू नये, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा सल्ला लोकांचं नुकसान करणारा आहे. स्वस्तातलं शेवटी महागातच पडतं, एक तृतीयांश ताकदीचा डबा दोन-तीन वर्षांत मागे पडणार, आणि स्वतःच्या घरी सिरीज एक्स ठेवून इतरांना धाकटा घ्यायला सांगणं हा दुटप्पीपणा आहे, असं तुम्ही म्हणता. तुमच्या मेहुण्याने तो लेख वाचून सिरीज एस घेतला आणि आता त्याला पस्तावा होतोय, हेही तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्याच्याकडे शेवटी येतोच.

आधी दुटप्पीपणाचं बोलू. हो, माझ्याकडे सिरीज एक्स आहे. माझा टीव्ही ४केचा आहे, जुन्या डिस्कनी एक अख्खा कप्पा भरलाय आणि मी जवळपास रोज खेळतो. मला जे लागतं ते मी घेतलं. ज्याच्या घरी यातलं काहीच नाही त्याला मी माझी गरज का चिकटवू?

आता ताकदीचा मुद्दा. आकडे तुम्ही बरोबर दिलेत. ग्राफिक्सची ताकद सिरीज एक्सची १२ टेराफ्लॉप (चित्र काढायचा वेग मोजायचं एकक), सिरीज एसची ४. पण ही ताकद कशावर खर्च होते तेही बघा. ४के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, १४४०पी चित्रात सुमारे ३७ लाख आणि साध्या फुल एचडी टीव्हीवर जेमतेम २१ लाख. म्हणजे फुल एचडी टीव्हीला एका वेळी ४केच्या चौथ्या हिश्शाइतकेच पिक्सेल लागतात. एक तृतीयांश ताकद त्या पडद्याला सहसा पुरते. सिरीज एस बनवलाच मुळी १४४०पी डोळ्यांसमोर ठेवून. त्याचा प्रोसेसर मात्र थोरल्याच्या जवळपास तोडीचा आहे, दोन्हीकडे आठ कोर, फक्त वेग किंचित कमी. गेम साठवायचा एसएसडीही तसाच वेगवान आहे. त्यामुळे गेम उघडायला थांबावं लागतं ते दोन्हीकडे सारखंच, म्हणजे फार थोडं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. माझ्या धाकट्या बहिणीने माझ्याच सांगण्यावरून सिरीज एस घेतला. तिच्याकडे फुल एचडी टीव्ही आहे आणि बसायची जागा पडद्यापासून चांगली आठ-नऊ फूट लांब. एकदा सुट्टीला तिच्याकडे जाताना मी माझा सिरीज एक्स बरोबर नेला. दोन्ही कन्सोल एकाच टीव्हीच्या दोन एचडीएमआय पोर्टना जोडले, दोन्हींवर ‘फोर्झा होरायझन ५’ लावला, गाडी एकाच वळणावर उभी केली आणि भाचरांना म्हटलं, ओळखा कुठला कुठला ते. भाची पडद्याला नाक लावेपर्यंत पुढे गेली. दूरच्या झाडांच्या कडा एकीकडे जरा नितळ दिसतात असं तिला वाटलं, पण सोफ्यावर परत येऊन बसल्यावर तिने दोनदा चुकीचंच उत्तर दिलं. भाच्याने मात्र क्षणात ओळखलं. कसं? गेममधून बाहेर येऊन त्याने होम स्क्रीन उघडला आणि म्हणाला, "मामा, हा तुझा. यात सगळे गेम आहेत. आमच्यात एक टाकायचा म्हणजे एक काढावा लागतो."

त्या पोराने नेमकं दुखणं सांगितलं. मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं होतं. तिथे माझी चूक झाली आणि ती मी मान्य करतो. सिरीज एसच्या खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं, पण गेमसाठी हाती येतात ३६४ जीबी. सिरीज एक्सच्या १ टीबीपैकी ८०२ मिळतात. आजकालचा एखादा मोठा गेम एकटाच शंभर जीबीच्या वर जातो. असे तीन गेम टाकले की जागा संपली. बहिणीच्या घरी शुक्रवारी रात्री कुठला गेम उडवायचा यावर दोघा भावंडांची रीतसर वाटाघाट चालते. २०२३ मध्ये सिरीज एसची १ टीबीवाली काळी आवृत्ती आली, त्यात हा त्रास बराच कमी आहे. आज कोणी विचारलं तर मी तीच घ्यायला सांगेन.

तुमचा दुसरा आक्षेप मेमरीचा. तिथे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं बोट ठेवलंय. पिक्सेल कमी केले की ग्राफिक्सचं ओझं उतरतं, पण मेमरीचं ओझं त्या प्रमाणात उतरत नाही. गेममधलं जग, त्यातली माणसं, कोण कुठे उभा आहे आणि काय करतोय, हे सगळं मेमरीत राहतं, मग चित्र ४केचं असो की फुल एचडीचं. सिरीज एक्समध्ये मेमरी १६ जीबी, सिरीज एसमध्ये १० जीबी, आणि त्यातलेही फक्त ८ जीबी पूर्ण वेगाचे. तुम्ही दिलेलं ‘बाल्डर्स गेट ३’चं उदाहरण अगदी चपखल आहे. तो गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरात सोनीच्या पीएस५ कन्सोलवर, आणि एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला. कारण हेच, की दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय सिरीज एसवर नीट चालेना. शेवटी मायक्रोसॉफ्टने सूट दिली आणि त्या सोयीशिवाय गेम आला. ती सोय सिरीज एसला मिळाली थेट एप्रिल २०२५ मध्ये, गेमच्या आठव्या पॅचबरोबर, म्हणजे सुधारित आवृत्तीबरोबर. ज्या घरात नवरा-बायको किंवा भावंडं एकत्र खेळतात त्यांना हे लागणारच. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर.

पण ‘दोन-तीन वर्षांत मागे पडणार’ हे घडलेलं नाही. दोन्ही कन्सोल १० नोव्हेंबर २०२० ला एकाच दिवशी आले. या पिढीचा गेम एक्सबॉक्सवर आणायचा तर तो दोन्हींवर चालला पाहिजे, असा मायक्रोसॉफ्टचा आग्रह आहे. त्यामुळे आज पाच वर्षांनंतरही सिरीज एसवर नवे गेम येतायत. चित्र मवाळ असतं. काही गेममध्ये थोरल्यावर सेकंदाला ६० फ्रेमचा पर्याय असतो आणि इथे ३०वर समाधान मानावं लागतं. चवीने खेळणाऱ्याला ते खटकतं. रविवारी तासभर खेळणाऱ्याला खटकताना मी पाहिलेलं नाही.

आणि ‘थोडं थांबा, थोरला स्वस्त होईल तेव्हा घ्या’ हा तुमचा सल्ला आधीच्या पिढ्यांत सोन्यासारखा होता. कन्सोल जुना झाला की किंमत उतरायची, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं. या पिढीत गंगा उलटी वाहिली. अमेरिकेत सिरीज एस २९९ डॉलरला आला होता आणि सिरीज एक्स ४९९ डॉलरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच किमती अनुक्रमे ३९९.९९ आणि ६४९.९९ झाल्या. सोनीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे पीएस५च्या किमती वाढवल्या. जे थांबले ते दोन्हीकडून नाडले गेले, आणि दोघांमधलं अंतरही २०० डॉलरवरून २५० वर गेलं. माझ्या ओळखीत असे दोघे आहेत. थोरला स्वस्त होण्याची वाट बघत त्यांनी चार वर्षं काहीच खेळलं नाही. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हळहळ त्यांच्याबद्दल वाटते.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तुम्ही स्वस्त कन्सोल म्हटलं की लगेच ताकद मोजता. पण कंपन्या कन्सोल स्वस्त करताना दर वेळी ताकदच कापतात असं नाही. २०२० चा पीएस५ डिजिटल पाहा. ३९९ डॉलरचा तो डबा आतून ४९९ वाल्यासारखाच होता, कापला फक्त डिस्क ड्राइव्ह. निंटेंडोचा २०१९ चा स्विच लाइट पाहा. गेम चालवायला तो थोरल्या स्विचइतकाच समर्थ, किंमत १९९ डॉलर, म्हणजे थोरल्यापेक्षा शंभराने कमी. पण तो टीव्हीला जोडता येत नाही आणि कंट्रोलर सुटे करून दुसऱ्याच्या हातात देता येत नाहीत. आता बघा, कधीमधी खेळणाऱ्यांनी काय घेतलं? लाइट सगळ्यात स्वस्त असूनही स्विचच्या एकूण विक्रीत त्याचा वाटा लहानच राहिला. पुढे ओएलईडी पडद्याचा ३४९ डॉलरचा स्विच आला, तोही लोकांनी आनंदाने घेतला. घरात चार जण असतील तर लाइट एकट्याचाच होतो, हे दुकानात उभ्या असलेल्या आईला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

उलट निंटेंडोचाच २००६ चा वी आठवा. चित्र ४८०पी, एचडी नाहीच. त्याच महिन्यात आलेला पीएस३ ताकदीत कितीतरी पुढे, पण किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. वी २४९ ला, बहुतेक देशांत ‘वी स्पोर्ट्स’ सोबत. टेबलाभोवती खुर्च्या सरकवून आजी-आजोबा बोलिंग खेळले आणि वी दहा कोटींच्या वर खपला. नुसत्या किमतीने हे झालं म्हणाल तर तेही खरं नाही, कारण पुढचा वी यू २०१२ मध्ये २९९ ला येऊनही दीड कोटीपर्यंतसुद्धा पोचला नाही. हा नवा कन्सोल आहे की जुन्या वीला जोडायचा टॅब्लेट, हेच अनेकांना कळलं नाही.

म्हणून मी म्हणतो, की साधा गिऱ्हाईक अडाणी नसतो. तो चित्रावर पाणी सोडायला चटकन तयार होतो. कोणाबरोबर खेळायचं आणि गेम कोणाला देता येईल, यावर मात्र तो सहसा तडजोड करत नाही. केली तर पुढे त्याचीच रुखरुख लागते. ती रुखरुख मी स्वतः पाहिलीय. भाच्याला वाढदिवसाला मित्राने गेमची डिस्क दिली. पोरगं कन्सोल हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवत होतं, फट शोधत. फट नव्हतीच. सिरीज एसला ती कधी जोडताही येत नाही. २०२३ अखेरीस आलेल्या सडपातळ पीएस५ डिजिटलला निदान ड्राइव्ह नंतर विकत घेऊन लावता येतो. हा फरक मी मूळ लेखात ठळक लिहायला हवा होता. काल रात्री त्यात तो घातलाय, वरती, पहिल्याच परिच्छेदात.

डिस्कचा हिशोब तुम्ही मागितलात तो असा. समजा नवा गेम ७० डॉलरला घेतला आणि खेळून झाल्यावर डिस्क ३० ला विकली, तर वर्षाला आठ गेम घेणाऱ्याचे दोन्ही कन्सोलच्या सुरुवातीच्या किमतींतल्या फरकाचे २०० डॉलर एका वर्षात वसूल होतात. वर्षाला दोनच घेणाऱ्याला तीन-साडेतीन वर्षं लागतात. गेम पासवरच, म्हणजे ठरावीक वर्गणी भरून मिळणाऱ्या गेमवरच, भागवणाऱ्याला डिस्कचा प्रश्नच येत नाही. जो आठ घेतो, त्याच्यासाठी तुमची म्हण खरी आहे. आणि महाग घेतलं म्हणजे सगळं आलं असंही समजू नका: नोव्हेंबर २०२४ मध्ये ६९९ डॉलरला आलेल्या पीएस५ प्रोमध्येही डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

आता तुमचा मेहुणा. तुम्ही लिहिलंय की त्याचा टीव्ही ५५ इंची ४के आहे, तो रोज रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन नेमबाजी खेळतो आणि कन्सोल ‘जड’ चालतो अशी त्याची तक्रार आहे. रोज खेळणारा माणूस कधीमधी खेळणारा नव्हे. त्याला मी थोरलाच सांगितला असता. पण लगेच विकायची घाई नको. बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसणं हे बरेचदा टीव्हीमुळे होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू आहे का ते आधी बघायला सांगा. तो बंद असेल तर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो. मग गेमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स मोड असेल तर तो लावू द्या, चित्र थोडं मऊ होईल पण हालचाल मोकळी होईल. जागेसाठी महागडं एक्स्पान्शन कार्ड घ्यायच्या आधी साधा यूएसबी एसएसडी घ्यावा. या पिढीचे गेम त्यावरून थेट चालत नाहीत, पण त्यावर ठेवून लागतील तेव्हा आत कॉपी करता येतात, दर वेळी शंभर जीबी डाउनलोड करत बसावं लागत नाही. जुने एक्सबॉक्स वनचे गेम तर तिथूनच चालतात.

एवढं करूनही जड वाटला तर मला टीव्हीचं मॉडेल आणि तो खेळतो त्या गेमचं नाव कळवा. मी माझ्या बहिणीकडे जाऊन तोच गेम दोन्हींवर लावून बघतो आणि काय दिसलं ते इथेच लिहितो.